अमेरिकी विद्यापीठात ‘परिधान रचना आणि सामाजिक न्याय’ या विषयाच्या अध्यापकपदासाठी अर्ज कसा करावा

अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये अपॅरल डिझाइन, म्हणजे परिधान रचना, हा विषय बहुतांशी गृहविज्ञानाच्या परंपरेतून वाढला. 1862 च्या मॉरिल कायद्यान्वये राज्यांना महाविद्यालयांसाठी सरकारी जमिनी मिळाल्या, त्या महाविद्यालयांत पुढे गृहविज्ञानाचे विभाग निघाले आणि त्यांतूनच आजचे वस्त्र व परिधान विभाग उभे राहिले. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात किंवा इतरत्र गृहविज्ञान शाखेतून वस्त्रशास्त्र शिकलेल्यांना ही घडण ओळखीची वाटेल. कपडा कोणी शिवला, कोणाला बसला आणि कोणाला परवडला हे प्रश्न त्या परंपरेत आधीपासून होते. 2020 मध्ये कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर वांशिक न्यायाची चर्चा विद्यापीठांत तीव्र झाली आणि या प्रश्नांना वाहिलेल्या अध्यापकपदांच्या जाहिराती ठळकपणे दिसू लागल्या. भारतातून, किंवा अमेरिकेत पीएच.डी. करीत असताना, अशा पदासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

जाहिरात नीट वाचावी

शैक्षणिक वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होत असल्याने पुढील वर्षाच्या जागांच्या बऱ्याच जाहिराती आदल्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात निघतात. पहिल्या वाचनात दोन गोष्टी पाहाव्यात. पद टेन्युअर ट्रॅकवरील (पुढे कायम नेमणुकीकडे नेणाऱ्या) सहायक प्राध्यापकाचे आहे की ठरावीक मुदतीच्या कराराचे, ही पहिली गोष्ट. दुसरी अधिक महत्त्वाची : सामाजिक न्यायाचा उल्लेख ‘आवश्यक पात्रता’ या भागात आहे की ‘प्राधान्य’ या भागात. आवश्यक पात्रतेत असेल तर तोच अर्जाचा कणा असावा लागतो. प्राधान्यात असेल तर विभागाला आधी पॅटर्न मेकिंग (कपडा बेतण्याचे नमुने काढणे), ड्रेपिंग (कापड पुतळ्यावर लपेटून रचना करणे) किंवा त्रिमितीय संगणकीय रचना शिकवणारा माणूस हवा आहे असे समजावे आणि अर्जाची मांडणी त्या क्रमाने करावी.

पदवीची अटही तपासावी. काही विभाग पीएच.डी. मागतात, काहींना एम.एफ.ए. (ललित कलेतील पदव्युत्तर पदवी) चालते. भारतातील एम.डेस. (रचनाशास्त्रातील पदव्युत्तर) पदवी त्या अटीत बसते का, हे निवड समितीच्या अध्यक्षांना दोन ओळींचे पत्र पाठवून आधीच विचारून घ्यावे. असे विचारण्यात कमीपणा नाही.

ज्या राज्यात विद्यापीठ आहे तेथील कायद्याची माहिती करून घेणे आता अपरिहार्य झाले आहे. टेक्सासमध्ये 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार सार्वजनिक विद्यापीठांना उमेदवाराकडून विविधतेविषयीचे निवेदन, म्हणजे विविधता व समावेशनाबाबतच्या आपल्या कामाची लेखी मांडणी, मागता येत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने 2024 मध्ये अशी निवेदने घेणे स्वतःहून थांबवले. त्यामुळे जे काम पूर्वी ‘सामाजिक न्याय’ या नावाने मागितले जाई, तेच आता ‘सर्वसमावेशक रचना’, ‘समुदायासोबतचे संशोधन’ किंवा ‘श्रम आणि पुरवठा साखळी’ अशा शब्दांत मागितलेले आढळू शकते. शब्द बदलले म्हणून आपला विषय सोडू नये. त्यांच्या शब्दांत तो कोठे बसतो हे पाहावे.

आपला प्रश्न एका वाक्यात ठरवावा

सामाजिक न्यायावर आपली निष्ठा आहे, असे प्रत्येक अर्जदार लिहितो आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. न्याय बेतण्यात, मापात आणि मजुरीच्या हिशोबात दाखवता आला पाहिजे, आणि माझ्या मते या पदासाठी याहून मोठी कसोटी नाही.

मापांचेच उदाहरण घ्यावे. 1939-40 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने तयार कपड्यांच्या मापांसाठी सुमारे 15,000 स्त्रियांची प्रत्येकी 59 मापे घेतली; मात्र 1941 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत केवळ गोऱ्या स्त्रियांची मापे धरण्यात आली. पुढील प्रमाणित मापांच्या तक्त्यांना आधार मिळाला तो याच आकड्यांचा. वर्गातील डमी (कपडा बेतण्यासाठीचा पुतळा) कोणत्या शरीरावरून घडली, त्या डमीवर शिकलेला विद्यार्थी कोणाला विसरून कपडा बेततो, आणि ग्रेडिंग (एका मापाच्या नमुन्यावरून इतर मापे काढणे) करताना केवळ इंच वाढवल्याने मोठ्या मापाच्या कपड्याचा मुंढा (बाही जोडण्याचा भाग) का चुकतो, हे सारे संशोधनाचेही प्रश्न आहेत आणि अध्यापनाचेही. ज्याच्याकडे असा एक नेमका प्रश्न आणि त्यावर केलेले काम आहे, त्याचा अर्ज समिती बाजूला ठेवू शकत नाही.

श्रमाचा विषय निवडणाऱ्यांसाठी जमीन तितकीच सुपीक आहे. न्यूयॉर्कमध्ये 25 मार्च 1911 रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत 146 कामगार मेले आणि 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,100 हून अधिक. या दोन घटना या क्षेत्रात सर्वपरिचित आहेत. म्हणून त्या पुन्हा सांगण्यापेक्षा अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा 2021 चा कायदा अभ्यासावा. 1 जानेवारी 2022 पासून तेथे शिवणकामगारांना नगावर मजुरी देण्यास, सामूहिक कराराचा अपवाद वगळता, बंदी आहे, आणि बुडवलेल्या मजुरीची जबाबदारी कंत्राटदारापुरती न राहता काम देणाऱ्या ब्रँडपर्यंत पोहोचते. रचनाकाराच्या रेखाटनातील प्रत्येक जादा चुणीची किंमत कोणाच्या वेळेतून वसूल होते, हे या कायद्याच्या आधारे वर्गात उत्तम रीतीने शिकवता येते.

महाराष्ट्रातून गेलेल्या अर्जदाराकडे आणखी एक भांडवल असते. इचलकरंजी-भिवंडीचे यंत्रमाग, धारावीतील शिलाईचे गाळे, येवल्याच्या पैठणीचे विणकर, 1982 च्या गिरणी संपानंतरची मुंबई : यांपैकी ज्याच्याशी आपला खरा संबंध आला असेल, ते निःसंकोच मांडावे. परंतु भारतीय असणे म्हणजे आपोआप वंचित असणे, असा सूर अर्जात येऊ देऊ नये. अमेरिकी विद्यापीठांत जातीचा प्रश्न आता पोहोचला आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठ समूहाने 2022 मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. हातमागावर किंवा चर्मकामावर संशोधन करणाऱ्याने कारागिराची जात, त्याला मिळणारा मोबदला आणि त्या कामातील स्वतःचे स्थान यांविषयी मौन बाळगले, तर जाणता वाचक ते लगेच ओळखतो. ज्यांनी हा अन्याय स्वतः सोसला आहे, त्यांनी तो किती सांगावा हे त्यांचे त्यांनी ठरवावे. अर्जासाठी आपले दुःख उघडे करण्याची सक्ती कोणावरही नसावी.

कागदपत्रे तयार करावीत

साधारणपणे कव्हर लेटर, सविस्तर परिचयपत्र, संशोधनाचे निवेदन, अध्यापनाचे निवेदन, पोर्टफोलिओ आणि तीन शिफारसकर्त्यांची नावे मागितली जातात. कव्हर लेटर दोन पानांत संपवावे आणि पहिल्या परिच्छेदातच वर ठरवलेला प्रश्न यावा. संशोधनाच्या निवेदनात पुढील पाच वर्षांचा आराखडा आणि निधी कोठून मागणार याचा उल्लेख असावा.

अध्यापनाच्या निवेदनावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण बहुतेक अर्ज येथेच मोघम होतात. ‘मी सर्व विद्यार्थ्यांना सामावून घेतो’ असे लिहिण्याऐवजी एक स्वाध्याय पूर्ण वर्णन करावा. उदाहरणार्थ, विद्यार्थ्याने आपल्या शर्टाच्या प्रत्येक क्रियेची वेळ मोजून त्याचा सॅम (तो शिवण्यास लागणारी प्रमाणित मिनिटे) काढावा. समजा तो 20 मिनिटे आला, तर पूर्ण कार्यक्षमतेने आठ तासांत 24 शर्ट होतात आणि निम्म्या कार्यक्षमतेने 12. त्यावरून एका शर्टामागे शिवणाऱ्याला किती मिळते आणि जगण्यापुरत्या वेतनासाठी किती मिळायला हवे, हा फरक खर्चपत्रकात लिहावा आणि मग कॉलर, खिसा किंवा जोड यांत काय बदलावे ते ठरवावे. असा स्वाध्याय वाचताना समितीला आपला वर्ग डोळ्यांसमोर दिसतो.

पोर्टफोलिओत पूर्ण झालेल्या पोशाखांच्या छायाचित्रांइतकीच जागा प्रक्रियेला द्यावी : पॅटर्न, मांजरपाटाचे कच्चे नमुने, निरनिराळ्या शरीरांवरील फिटिंग, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीसाठी केलेले बदल. कारागिरांसोबत काम केले असेल तर त्यांच्या संमतीने त्यांची नावे द्यावीत आणि मोबदला कसा ठरला हेही लिहावे. नाव आणि नक्षीच्या मालकीचा प्रश्न तेथे किती गंभीरपणे घेतला जातो याची कल्पना नावाहो राष्ट्राने (अमेरिकेतील मूलनिवासी समाजाने) ‘नावाहो’ हे नाव वापरल्याबद्दल 2012 मध्ये अर्बन आउटफिटर्स या कपडे कंपनीवर भरलेल्या दाव्यावरून येते; त्यात 2016 मध्ये तडजोड झाली. इंटरनॅशनल टेक्स्टाइल अँड अपॅरल असोसिएशनच्या वार्षिक परिषदेतील परीक्षित (परीक्षकांनी निवडलेल्या कामांच्या) प्रदर्शनात आपली रचना निवडली गेली असेल, तर ती परिचयपत्रात स्वतंत्र शीर्षकाखाली नोंदवावी. सर्जनशील काम तेथे शोधनिबंधाच्या जोडीने विचारात घेतले जाते.

मुलाखतीची तयारी करावी

पहिली फेरी बहुधा झूमवर होते. त्यातून निवडलेल्या मोजक्या उमेदवारांना विद्यापीठात बोलावतात आणि तेथे एक-दोन दिवस व्याख्यान, नमुना तासिका, अधिष्ठात्यांशी भेट, विद्यार्थ्यांशी गप्पा असा भरगच्च कार्यक्रम असतो. जेवणाच्या टेबलावरील बोलणेही निवडीचाच भाग असते. व्याख्यानात सिद्धान्त थोडक्यात सांगून उरलेला वेळ वस्तूंना द्यावा. शक्य असल्यास दोन कच्चे नमुने सोबत न्यावेत आणि श्रोत्यांच्या हाती द्यावेत. ‘आमच्या विद्यार्थ्यांना नोकरी मोठ्या ब्रँडांतच मिळते, मग हे शिकवून उपयोग काय?’ असा प्रश्न येण्याची शक्यता असते. त्यावर रागावू नये. पुरवठा साखळीची तपासणी, मापांची पुनर्रचना, दिव्यांगांसाठीचे कपडे ही कामे कंपन्यांतही चालतात, हे उदाहरणांसह सांगावे. आपणही प्रश्न विचारावेत : कार्यशाळेत किती मापांच्या डमी आहेत, कपड्याचा खर्च न परवडणाऱ्या विद्यार्थ्याला साहित्य कोण पुरवते, आणि या पदावरील व्यक्तीने एकटीनेच न्यायाचे सर्व काम ओढावे अशी अपेक्षा तर नाही ना. अल्पसंख्य पार्श्वभूमीच्या अध्यापकांवर समित्यांचे आणि समुपदेशनाचे ओझे अधिक पडते, म्हणून हा शेवटचा प्रश्न टाळू नये.

प्रस्ताव आल्यावर

वेतन बहुधा नऊ महिन्यांचे असते, हे लक्षात ठेवून वर्षाचा हिशोब करावा. संशोधन सुरू करण्याचा निधी, यंत्रे, कार्यशाळेतील जागा, पहिल्या वर्षी कमी तासिका आणि स्थलांतराचा खर्च यांविषयी सही करण्यापूर्वीच बोलावे. विद्यापीठांना एच-1बी या कामाच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून सूट आहे, त्यामुळे मर्यादित जागांसाठीच्या सोडतीची अडचण येत नाही. परंतु सप्टेंबर 2025 च्या अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर 1,00,000 डॉलरचे शुल्क लादल्याने, ते आपल्याला लागू होते का आणि होत असल्यास विद्यापीठ काय करणार, हे लेखी विचारावे.

टेन्युअरचा, म्हणजे कायम नेमणुकीचा, निर्णय साधारणतः सहाव्या वर्षी होतो. कामगार संघटनेसोबत केलेला प्रकल्प, विणकरांसोबत उभे केलेले प्रदर्शन किंवा समुदायासाठी तयार केलेला मापतक्ता यांची त्या वेळी संशोधन म्हणून गणना होईल की केवळ सेवा म्हणून, हे विभागाच्या मूल्यमापनाच्या लेखी निकषांत पाहावे, आणि तेथे स्पष्टता नसेल तर विभागप्रमुखांकडून ती नियुक्तिपत्रातच नोंदवून घ्यावी.