गोव्यात रोज बाहेर खायचं तर आधी घड्याळ बघा

मी वजनकाटे दुरुस्त करतो. मूळचा इचलकरंजीचा, राहायला म्हापशात, आणि काम उत्तर गोव्यात जिथे काटा तिथे: मासळी बाजार, बेकऱ्या, किराणा, काजूचे कारखाने. एकटा असतो आणि मला चहापलीकडे काही करता येत नाही, त्यामुळे तिन्ही वेळचं खाणं बाहेर. आमच्या भागातून इकडे कामाला येणारी पोरं पहिल्याच आठवड्यात मला फोन करतात, "दादा, इथं खायला काय मिळतच नाही, आणि मिळतं ते परवडत नाही." मिळतं की. पण बारा वाजता नाष्टा आणि चार वाजता जेवण मागायला गेलात तर नाही मिळत. मग पोरं बीचच्या बाजूला जातात, तिथे दिवसभर सगळं मिळतं आणि खिसा रिकामा होतो.

गोव्यात प्रत्येक खाण्याची एक वेळ आहे आणि ती वेळ उलटली की ते खाणं त्या दिवसापुरतं संपलं. मालकाला उगाच शिल्लक ठेवायची हौस नसते. तेव्हा मेनूकार्ड बाजूला ठेवायचं आणि आत शिरल्या शिरल्या विचारायचं, "आज काय आहे?" मराठीतच विचारा, सगळ्यांना कळतं. उत्तर कोकणीत येईल, तेही दोन दिवसांत कळायला लागतं.

सकाळ भाजी-पावाची. ही मुंबईची तव्यावरची पावभाजी नव्हे. पाटीवर 'कॅफे' लिहिलेलं असतं, आत जुनी टेबलं, एकेका टेबलाला चार अनोळखी माणसं. जागा दिसली की बसायचं, परवानगी मागत उभं राहायचं नाही. पणजीत कॅफे भोसले आहे, ते बाहेरच्यांनाही माहीत असतं. पण म्हापसा, डिचोली, फोंडा, कुठल्याही गावात बाजाराच्या पोटात अशी दोन-तीन दुकानं सापडतातच. नवीन माणसानं सांगायचं 'मिक्स'. म्हणजे एकाच ताटलीत बटाट्याची सुकी भाजी, मोहरी-कढीपत्त्याची, पिवळी, आणि तिच्या अंगावर वाटाण्याची पातळ भाजी, खोबऱ्याच्या वाटपातली. काउंटरमागचा माणूस आधी सुकी थापतो, मग पळीनं पातळ ओततो, आणि तुमचं तोंड बघून ठरवतो की जास्त घालायची का. त्याच्याकडे बघून एकदा मान हलवून ठेवा, फायदा होतो.

आपल्याकडच्या लोकांची पहिली चूक इथेच होते: कट मागतात. इथे कट नसतो, तर्री नसते. पातळ भाजी सौम्य असते, थोडी गोडसरच, आणि ती तशीच चांगली लागते. तिखट पाहिजे असेल तर सोबत मिर्ची घ्या. मिर्ची म्हणजे मोठ्या मिरचीचं भजं. ते पावात दाबून एक घास, मग भाजीचा एक घास. शिवाय बन्स घ्या. पिकलेलं केळं घालून मळलेल्या मैद्याची फुगलेली पुरी, आत जिरं. गोडसर बन्स आणि पातळ भाजी हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मी आता गावाकडे गेलो की मिसळीपेक्षा याची आठवण काढतो, आणि घरचे शिव्या घालतात.

पावाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण बेकरीतले काटे बघताना मी भट्टीसमोर उभा असतो. मऊ चौकोनी पाव सगळ्यांना माहीत आहे. उंडो गोल, वरून कडक, मध्ये चीर. पोळी, म्हणजे पोई, चपटी, कोंड्याची, आतून पोकळ, खिशासारखी उघडते. काकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव, चहात बुडवून खायचा. भाजीबरोबर पाव किंवा उंडो. पोई रात्रीसाठी राखून ठेवा, कारण पुढे सांगतो. पावाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात आणि खाल्ले तेवढेच लागतात. मिक्स, दोन पाव, एक बन आणि चहा एवढं शंभराच्या आत बसतं. बसत नसेल तर तुम्ही चुकीच्या रस्त्यावर आहात.

वेळ: सातपासून दहापर्यंत. साडेदहानंतर पातेल्याचा तळ असतो आणि अकराला "सोंपली" असं उत्तर येतं. रविवारी पुष्कळ दुकानं बंद असतात किंवा लवकर आवरतात, हे शनिवारीच विचारून ठेवा. चारनंतर पुन्हा एक फेरी लागते, पण सकाळच्या भाजीची चव त्या भाजीला येत नाही असं माझं मत आहे. काही लोक भांडतील, भांडू देत.

दुपार मासळीची. इथे माझ्या धंद्याचा मला उपयोग होतो. बाजारातला काटा खाऱ्या पाण्यानं सारखा बिघडतो; ताटाखाली बर्फाचं पाणी शिरतं, आतला वजन ओळखणारा लोडसेल गंजतो, मग शंभर ग्रॅमचे एकशे वीस दाखवायला लागतो आणि मला बोलावणं येतं. त्यामुळे सकाळी बाजारात काय आलंय ते मला दिसतं. तुम्हीही जेवायच्या आधी एकदा मासळी बाजारातून चक्कर मारा, विकत काही घ्यायचं नसलं तरी. बारीक मासे वाट्यावर विकले जातात, मोठे किलोवर. ज्याचे वाटे मोठे आणि स्वस्त दिसतील, तोच मासा दुपारी थाळीत चांगला मिळणार. बांगड्यांचे ढीग पडलेत आणि तुम्ही पापलेट मागताय, तर ते पापलेट बर्फातलं समजा.

हॉटेलात गेल्यावर विचारायचं, "आयज नुस्तें किदें आसा?" आज मासे कुठले आहेत, एवढंच. थाळीला कुणी राईस प्लेट म्हणतं, कुणी शीत-कडी. त्यात भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, एक भाजी, किसमूर, लोणचं, सोलकढी, आणि नशीब असेल तर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं. तळलेला मासा थाळीत धरलाय की वेगळा, हे बसतानाच विचारून घ्या. दीडशे-दोनशेच्या थाळीत बांगड्याचा किंवा मुडदुशीचा तुकडा येतो. इसवण म्हणजे सुरमई, चोणक, पापलेट यांचे भाव मेनूवर बहुधा नसतात, आकाराप्रमाणे असतात. मासा ताटलीत आणून दाखवायला सांगा आणि भाव ऐकून मगच मान हलवा. यात लाजायचं काही नाही, गोवेकर स्वतः तेच करतात. तळण्याचे दोन प्रकार: रवा लावून, किंवा रेशाद म्हणजे लाल आंबट-तिखट मसाला भरून. बांगड्याला रेशाद, लेपो आणि मुडदुशीला रवा. याच्या उलट करू नये.

भात उकड्या तांदळाचा आहे का विचारा. दाणा जाड, लालसर, आणि हुमण धरून ठेवतो. पांढरा भात मागितला तर वेटर तुम्हाला पर्यटक समजतो आणि पुढचा भात वाढायला उशीर करतो. हे मी पुराव्यासह सिद्ध करू शकत नाही, पण अनुभव आहे. बांगड्याच्या किंवा तारल्याच्या हुमणात तिरफळं असतात. ती चावायची नाहीत, ताटाच्या कडेला काढून ठेवायची; एक जरी दाताखाली आलं तरी जीभ बधिर होते आणि पुढचे दहा घास वाया. किसमूर म्हणजे सुकी सुंगटं (कोळंबी), खोबरं, कांदा आणि कोकम. ते भातात कालवून ठेवलंत तर मऊ पडतं. प्रत्येक घासावर थोडं थोडं टाकून खा, कुरकुरीत लागलं पाहिजे. सोलकढी शेवटी. आधी पिऊन मग दुसरी वाटी मागणारे आपल्याकडचेच असतात, दुसऱ्या वाटीचे पैसे कधी कधी लागतात.

हॉटेल कुठलं निवडायचं? दुपारी एक वाजता बाहेर कदंब म्हणजे सरकारी बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची, वीज खात्याच्या लोकांची गर्दी असेल तर डोळे झाकून आत जा. बाहेर इंग्रजीत मोठा फलक, त्यावर लॉब्स्टरचं चित्र आणि दारात बोलावणारा माणूस असेल तर पुढे चला. 'बार अँड रेस्टॉरंट' पाटी बघून आमच्याकडची सरळ मुलं बिचकतात. बिचकू नका. इथे बारमध्ये बायका-पोरांसकट कुटुंबं जेवायला येतात, आणि गावातली सर्वांत चांगली थाळी पुष्कळदा बारमध्येच असते.

साडेबारा ते अडीच, हीच जेवणाची वेळ. तीनला खुर्च्या टेबलावर उलट्या चढतात. दुपारी दुकानंही बंद असतात, मालक झोपलेला असतो, त्याला उठवायचं नाही. मी माझे काटे दुपारी कधीच घेत नाही.

जे मासे खात नाहीत त्यांच्यासाठी, किंवा सोमवार पाळणाऱ्यांसाठी: इथे शाकाहाराला 'शिवराक' म्हणतात आणि सोमवारी पुष्कळ हिंदू घरांत चूल शिवराकच असते. श्रावणात तर काही हॉटेलं मासे शिजवतच नाहीत. त्या दिवसांत उलट चैन असते. अळसांद्याचं, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचं तोंडाक, मोड आलेल्या मुगाची मुगागाठी, आणि खतखतं मिळालं तर सोडू नका; बऱ्याच भाज्या, खोबरं, आणि त्यातही तिरफळं. शेवटी मणगणं असेल तर वाटी भरून घ्या, हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस ट्रॉलर्सना समुद्रात जायला बंदी असते, माशांच्या विणीसाठी. या काळात हॉटेलात मिळणारे मोठे मासे एकतर बर्फातले, नाहीतर बाहेरच्या राज्यातले, आणि भाव चढलेले. तेव्हा नदी-खाडीतलं मागा: शेवटो, काळुंद्र हे मासे, किंवा कुर्ल्या म्हणजे खेकडे. नाहीतर सुक्या बांगड्यावर आणि किसमुरावर जेवण करा, पावसात तेच खरं लागतं. याच दिवसांत रस्त्याकडेला पानात बांधून अळमी विकायला बसतात, वारुळावर उगवणारी रानटी अळंबी. भाव ऐकून घाम फुटतो. एखाद्या ओळखीच्या हॉटेलात अळमीचं शाकुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपातला रस्सा, निघालं तर मात्र महिन्याचं बजेट विसरा.

संध्याकाळी सातनंतर गाडे लागतात आणि माझ्या मते गोव्यातलं सर्वांत चांगलं स्वस्त खाणं हेच: रस-ऑम्लेट. गाड्यावर एका बाजूला मोठं पातेलं मंद आचेवर, त्यात कोंबडीच्या शाकुतीचा रस, भाजलेलं खोबरं आणि खसखस वाटून केलेला, काळपट तपकिरी. दुसरीकडे तवा. गाडेवाला स्टीलच्या पेल्यात दोन अंडी, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर टाकून चमच्यानं खळखळ फेटतो, तव्यावर ओततो, कडा तपकिरी झाल्या की घडी घालून ताटलीत टाकतो आणि वरून पळीभर रस, इतका की ऑम्लेट बुडतं. त्यावर कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. ताटली हातात आली की लिंबू लगेच पिळा, रस गरम असताना. आणि आता पोई काढा. तिचा खिसा फाडून त्यानं रस टिपायचा. पावाचा लगदा होतो, पोई टिकते. रस कमी पडला तर "मात्सो रस घाल" म्हणा. एकदा फुकट मिळतो. दुसऱ्यांदा मागताना गाडेवाल्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवा.

रस घेताना त्यात कोंबडीचा एखादा तुकडा येऊ शकतो, म्हणजे अंडं चालतं पण कोंबडी नाही अशा लोकांचं हे खाणं नव्हे. त्याच गाड्यावर किंवा शेजारी कटलेट-पाव आणि चवरीस-पाव असतो. चवरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. म्हापशाच्या बाजारात त्यांच्या लाल माळा टांगलेल्या दिसतील. कटलेट चिकनचं असतं तसं बीफचंही असतं. तुम्हाला जे चालत नाही ते सरळ विचारा, इथे कुणी त्यावरून तोंड वाकडं करत नाही आणि खोटंही सांगत नाही.

मार्च ते मे या काळात गाड्याशेजारच्या बारमध्ये उर्राक असतो, काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू. लिमका, लिंबू, मीठ आणि चिरलेली मिरची घालून देतात. सरबतासारखा उतरतो आणि उठताना कळतं. स्कूटरची किल्ली आधी खोलीवर ठेवून या.

पैसे देताना "कितले जाले?" एवढं म्हटलं तरी पुरे. सुट्टे ठेवा, यूपीआय सगळीकडे आहे, पण पावसात नेट गेलं की गाड्यावर रांग थांबते आणि मागचे लोक तुमच्याकडे बघायला लागतात.

पार्सल न्यायचं असेल तर रस वेगळ्या पिशवीत बांधून मागा, ऑम्लेट वेगळं. घरी पोचून रस गरम करायचा, मगच ओतायचा. पोई गाड्यावर नऊनंतर संपते, म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमारास पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा ऐकू आला की खाली जाऊन दोन घेऊन ठेवा. फडक्यात गुंडाळली की रात्रीपर्यंत मऊ राहते. फ्रिजमध्ये ठेवू नका, चामडं होतं.