ग्रँड कॅन्यनला चाललात? मग या चुका टाळा

दरवर्षी ओळखीतलं कोणी ना कोणी ग्रँड कॅन्यनचा प्लॅन पाठवतं आणि त्यात त्याच त्या चुका असतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "जरा खाली उतरून येऊ". डोंगरावर आधी चढ असतो, दमलात की उतार. ही खोल दरी, इथे बरोबर उलटं, पाय ताजे असताना उतार आणि दमल्यावर भर उन्हात चढ. शिवाय साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिणेकडचा काठ, आहे साधारण 7000 फुटांवर, वर हवा छान गार लागते आणि उतराल तसं तापत जातं, उन्हाळ्यात तळाशी 40 अंशांच्या पुढे.

एका जूनमध्ये मेव्हणा आणि भाचा सोबत होते. मी म्हणत होतो पहाटे पाचला निघू, पण नाश्ता, फोटो, हे ते करत ब्राइट एंजल ट्रेलवर पाऊल ठेवलं तेव्हा साडेदहा वाजले होते. तीन मैलांच्या रेस्टहाउसपाशी मी म्हटलं बास, आता मागे फिरू. पण खाली हवासुपाय गार्डन्सची हिरवी झाडं दिसत होती, भाचा म्हणाला मामा इतकं जवळ तर आहे, आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं. तिथून रिमपर्यंत 7 किलोमीटर आणि 3000 फूट चढ. परतताना पोराच्या काळ्या टीशर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते, पाणी तो घटाघटा पीत होता पण खात काहीच नव्हता, मग डोकं दुखायला लागलं, उलटी झाली. घामातून मीठ जातं आणि वरून नुसतं पाणीच ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम घसरतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि ते जिवावर बेतू शकतं. सावलीत बसवलं, टीशर्ट भिजवून परत अंगात घातला, खारे शेंगदाणे थोडे थोडे खायला लावले आणि ऊन उतरेपर्यंत हललो नाही. वर पोचलो रात्री नऊला.

तेव्हापासून माझा नियम असा की उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरायचा, घड्याळ बघून मागे फिरायचं, झाडं बघून नाही. उन्हाळ्यात दहा ते चार ट्रेलवर नसायचंच. नळांना पाणी आहे का ते त्याच दिवशी विचारून घ्या, तिथली पाइपलाइन जुनी आहे, वरचेवर फुटते. एका दिवसात तळाच्या कोलोरॅडो नदीपर्यंत जाऊन येऊ म्हणणाऱ्यांशी मी आता वादच घालत नाही, पार्कवाले स्वतः नको म्हणतात ते वाचा.

दुसरी चूक स्कायवॉकची. तो काचेचा पूल नॅशनल पार्कमध्ये नाहीये! तो ग्रँड कॅन्यन वेस्टला, हुआलापाई या मूळनिवासी जमातीच्या जमिनीवर आहे, साउथ रिमपासून गाडीने चारेक तास, तिकीट वेगळं आणि पार्कचा पास तिथे चालत नाही. हॉटेल साउथ रिमला आणि संध्याकाळी स्कायवॉक, असले प्लॅन मी तीनदा दुरुस्त करून दिलेत. बुकिंगआधी दोन मिनिटं नकाशा बघायला काय हरकत आहे?

नॉर्थ रिमचंही, म्हणजे उत्तरेकडच्या काठाचंही, तेच. समोर दिसतो, अंतर सरळ रेषेत 16 किलोमीटर, रस्त्याने मात्र साडेतीनशेच्या आसपास. हिवाळ्यात बंद असतो, आणि 2025 च्या जुलैमधल्या वणव्यात तिथलं लॉज जळून गेलं, त्यामुळे जुने ब्लॉग वाचून काही ठरवू नका.

साउथ रिमवरच्या हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर स्वतःची गाडी नेता येत नाही, शटल घ्या.

ग्रँड कॅन्यन ॲरिझोना राज्यात आहे आणि ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, शेजारच्या युटाकडून येणाऱ्यांचा एक तासाचा घोळ होतो.

माणसं, सामान वाहणारी खेचरं आली की ट्रेलच्या डोंगराकडच्या बाजूला गप उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही.

आणि आईवडील सोबत असतील तर त्यांना ट्रेलच्या तोंडाशी बाकावर बसवून स्वतः खाली पळू नका हो. रिमवर यावापाई म्युझियमपासून ग्रँड कॅन्यन व्हिलेजपर्यंत ट्रेल ऑफ टाइम आहे, सपाट आणि पक्का, वाटेचा एक मीटर म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातली दहा लाख वर्षं, आणि वाटेत कॅन्यनमधले खरे दगड हात लावून बघायला मांडलेत. माझे बाबा प्रत्येक दगडापाशी थांबले, हात फिरवला, त्याचं वय मोठ्याने वाचलं. 184 कोटी वर्षांच्या दगडापाशी पोचेपर्यंत आम्हाला अडीच तास लागले.