जुनी फ्रेंच सिगारपेटी: पारखून घ्या, पावसाळ्यात जपा

सिगारपेट्या जमवायला सिगार ओढावी लागत नाही. मी साधी सुपारीही खात नाही, पण वेंगुर्ल्याच्या आमच्या माजघरात जुन्या फ्रेंच पेट्या ओळीने मांडल्यात. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर धीराने फिरलं तर अशी एखादी हाती लागते.

आधी पेटीची जात ओळखा. एक असते दुकानातून सिगार भरून येणारी: पातळ फळ्यांची, बारीक खिळे ठोकलेली, वर कागदी लेबल. दुसरी दिवाणखान्यात मिरवायची, फ्रेंचमध्ये ‘काव्ह आ सिगार’. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, म्हणजे १८५२ ते १८७० मध्ये, हिची चलती होती. पेअरचं लाकूड रंगवून आबनुसासारखं काळं केलेलं, त्यात पितळेच्या रेघा नि शिंपल्याचं जडावकाम. किंवा उत्तर आफ्रिकेतल्या थुया झाडाच्या गाठीचं ठिपकेदार व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. काहींच्या झाकणाबरोबर बाजूही बाहेर उघडतात आणि आत सिगार उभ्या ठेवायच्या कड्या दिसतात. कुलपाच्या पट्टीवर ‘ताहान’ कोरलेलं असेल तर दुकानदार भाव सोडणार नाही. पॅरिसचा हा पेटीवाला खुद्द तिसऱ्या नेपोलियनला माल पुरवायचा.

मद्याच्या पेट्याही अशाच दिसतात. त्यांत बहुधा चार सुरया आणि सोळा पेले असत. काच फुटून गेली की रिकामं खोकं सिगारपेटी म्हणून खपवतात, तेव्हा आत सुरयांच्या बुडांचे वण आहेत का बघा. मग पेटी उलटी करा. तळाला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली आजकालची फळी, असेल तर नमस्कार करून निघा. स्टार स्क्रू, म्हणजे डोक्यावर फुलीची खाच असलेला, १९३० च्या दशकात बाजारात आला. तो दिसला म्हणजे पेटी नकलीच असं नाही, पण मागाहून कुणीतरी हात घातलाय. भाव पाडायला तेवढं पुरतं. हस्तिदंत असेल तर विषयच संपला, आपल्याकडे त्याचा व्यापार बेकायदेशीर आहे. शेवटी सगळीकडे हलक्या टिचक्या मारा. पोकळ आवाज आला, तिथे व्हिनिअर सुटलंय.

हे सुटणंच कोकणात पेटीच्या जिवावर बेततं. त्या काळी व्हिनिअर सरसाने चिकटवत. मृग लागला की दमट हवेत सरस मऊ पडतो. लाकूड फुगतं, पितळ काही फुगत नाही, आणि रेघ उचकटून वर येते. म्हणून पेटी पडवीत नको, जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकून तर मुळीच नको. माजघरातल्या कपाटावर, भिंतीपासून वीतभर सुटी ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बांधून महिनोन्‌महिने ठेवू नका, आत बुरशी माजते. आत सिलिका जेलची पुरचुंडी टाका आणि उघडीप मिळाली की झाकण थोडा वेळ उघडं ठेवा. ऑक्टोबरात वाळवणासारखी उन्हात मात्र घालू नका, व्हिनिअर तडकेल.

खाऱ्या वाऱ्याने पितळ कळकतं. घरातली बायामाणसं आमसूल नाहीतर चिंच घेऊन धावतील, त्यांना अडवा. समई आमसुलाने उजळते, पण इथे आंबट पाणी रेघेच्या कडेने लाकडात उतरतं. कोरडं सुती फडकं पुरे. थोडा काळसरपणा राहू द्या, लखलखीत जुनी पेटी मला तरी संशयास्पद वाटते.

वरची चमक बहुधा लाखेची असते, सुतार जिला चपडी पॉलिश म्हणतात. ती स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझरचा हात लावू नये. ओलीने पांढुरकी झाली तर घाबरू नका, घासूही नका. आधी हवा कोरडी होऊ द्या. सुटलेलं व्हिनिअर बसवायला सुतार फेव्हिकॉल काढील. त्याला सरसच वापरायला सांगा, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत ते न फाटता सोडवता येतं.

बारीक गोल भोकं आणि खाली ताजं पीठ दिसलं तर आत किडा जिवंत आहे. ती पेटी लगेच वेगळी करा. साधी, पातळ फळ्यांची असेल तर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर लाकडावर दव धरतं. जडावाच्या पेटीवर हा प्रयोग नको, ती जाणत्या माणसाकडे द्या. आणि फ्रीझर मासळीचा असेल, तर पिशव्या दोन घाला.