दोन शर्यतींमधला अर्धा तास

घोड्यांच्या शर्यतींत काम करायचंय असं सांगत कुणी नवं आलं, की मी आधी विचारते, घोड्यावर बसायचंय, घोडा घडवायचाय, की लोकांना घोडा दाखवायचाय? जॉकी आणि ट्रेनर ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. तिसऱ्या कामाला धड एक नावसुद्धा नाही. समालोचक, पॅडॉकमध्ये माइक घेऊन उभं राहणारा निवेदक, रेसकोर्ससाठी छोटे व्हिडिओ करणारा, पहिल्यांदा आलेल्यांना हाताला धरून फिरवणारा, हे सगळे त्यात येतात. मी यातली बहुतेक कामं केली आहेत. या वाटेला येणाऱ्यांना जे सांगावंसं वाटतं, ते इथे लिहिते आहे.

हिशेब साधा आहे. १२०० मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आत आटपते, २४०० मीटरची अडीच मिनिटांच्या आसपास. दिवसात आठ शर्यती धरल्या, तरी घोडे प्रत्यक्ष पळतात ते सगळं मिळून जेमतेम पंधरा मिनिटं. बाकीची दुपार म्हणजे दोन शर्यतींमधला वेळ, साधारण अर्धा अर्धा तास. मुरलेल्या रेसकराला हा वेळ पुरत नाही. त्याला भाव (कोणता घोडा जिंकला तर किती पैसे मिळतील ते) बघायचे असतात, घोडे बघायचे असतात, मागच्या शर्यतीवर वाद घालायचा असतो. नवा माणूस मात्र त्याच वेळात मोबाइल काढतो, आणि दुसऱ्या शर्यतीनंतर घड्याळ बघू लागतो. शर्यत रंगवण्याची जबाबदारी घोड्यांची, ती ते चोख पार पाडतात. आपला पगार त्या मधल्या अर्ध्या तासाचा.

म्हणून सुरुवात पॅडॉकपासून करा. शर्यतीआधी घोडे गोलाकार फिरवतात ती ही जागा. बहुतेक ठिकाणी कठड्याला अगदी खेटून उभं राहता येतं, पण पहिल्यांदा आलेले लोक तिकडे फिरकतच नाहीत, कारण तिकडे जा असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तिथे त्यांना उभं करा आणि फक्त तीन गोष्टी बघायला सांगा. कान बघा: पुढे टवकारलेले असतील तर स्वारीचं लक्ष कामावर आहे. मागच्या दोन पायांमध्ये बघा: तिथे साबणासारखा पांढरा फेस आला असेल तर घोडा घाबरलाय किंवा उतावळा झालाय, शर्यतीत लागणारी ताकद इथेच खर्ची पडते आहे. मग सईसाचा, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याचा, हात बघा: लगाम सैल सोडून तो रमतगमत चाललाय, की घोडा त्याला फरफटवतोय? दोन्ही बाजूंनी दोन माणसं धरून चालवत असतील, तर घोडा अवघड आहे हे न सांगताच कळतं. यातून विजेता सापडेल असा दावा मात्र करू नका. फेसाने माखलेले घोडेही जिंकतात. सांगायचं इतकंच असतं की बारा घोडे म्हणजे बारा वेगळे स्वभाव आहेत. तेवढं दिसलं की माणूस आपसूक एक घोडा निवडतो, आणि निवडलेला घोडा असला की दोन मिनिटं श्वास रोखून बघण्यासारखी होतात.

घोडा निवडला, पण धावताना तो ओळखायचा कसा? नंबर लांबून दिसत नाही. जॉकीच्या अंगावरचे रंग घोड्याच्या मालकाचे असतात, हे नव्या माणसाला माहीतच नसतं. त्यामुळे एकाच मालकाचे दोन घोडे धावत असले तर दोन्ही जॉकींचे सदरे सारखे, फरक फक्त टोपीचा. अमेरिकेत खोगिराखालच्या कापडाचा रंग नंबरावरून ठरलेला आहे, १ लाल, २ पांढरा, ३ निळा, ४ पिवळा. जपानमध्ये टोपीचा रंग गटावरून ठरतो. नवख्याला ही सोय फार उपयोगी पडते. जिथे ती नाही, तिथे रंग ओळखायला शिकवणं हे आपलं काम.

समालोचन शिकायचं असेल तर रंगीत पेनांचा एक संच घ्या. हा विनोद नाही. अनुभवी समालोचक शर्यतीआधी कागदावर प्रत्येक घोड्याच्या नावापुढे सदऱ्याचं छोटं चित्र काढून ते रंगवतात: बाह्यांवरचे पट्टे, छातीवरचा चौकडा, टोपीवरचा ठिपका. घोडे स्टार्टिंग गेटकडे जाताना दुर्बिणीतून एकेक रंग बघून नाव पुटपुटतात. शर्यत संपली की ती यादी डोक्यातून पुसून टाकायची आणि अर्ध्या तासात नवी भरायची. पाठांतरापेक्षा विसरणं अवघड जातं, असं माझं मत झालंय. आवाज चांगला असणं ही दुय्यम गोष्ट. आवाज चढवायचा कधी हे कळणं महत्त्वाचं. गेट उघडल्याबरोबर किंचाळायला लागलात, तर शेवटच्या दोनशे मीटरसाठी काय उरणार? आणि शांततेलाही चाहते असतात बरं का. अमेरिकेतल्या केंटकीमधल्या कीनलँड या नामांकित रेसकोर्सवर १९९७ पर्यंत समालोचकच नव्हता, लोक नुसते डोळ्यांनी शर्यत बघायचे.

त्याच कीनलँडवर आता ‘बेटोलॉजिस्ट’ असतात, म्हणजे पहिल्यांदा आलेल्यांना बेटिंग समजावून देणारे मदतनीस. याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण नवे निवेदक सर्वांत जास्त चाचपडतात ते इथेच. बेटिंग लपवू नये. शर्यतींचा पैसा बऱ्याच अंशी त्यातूनच येतो, आणि लपवलं तर लोकांना वाटतं काहीतरी काळंबेरं आहे. पण पहिल्या पाच मिनिटांत क्विनेला, ट्रायफेक्टा, जॅकपॉट अशा बेटिंगच्या प्रकारांचा मारा केला तर ऐकणारा पळतो. मी दोनच गोष्टी सांगते. भाव ५/२ दिसला तर दोन लावून पाच मिळतात, वर लावलेले दोन परत. आणि टोट या बेटिंगच्या पद्धतीत सगळ्यांचे पैसे एकाच गल्ल्यात जमा होतात, त्यातून आयोजकांचा आणि कराचा वाटा आधी कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. याचा अर्थ सगळे प्रेक्षक एकत्र धरले तर ते नेहमी तोट्यातच असतात. हे वाक्य माइकवरून उच्चारायला अनेक वरिष्ठ कचरतात. मी उच्चारते. ज्याला हे पहिल्याच दिवशी कळतं तो गमतीपुरते लावतो, हरला तरी हसतो आणि पुन्हा येतो. ज्याला ‘पक्की टिप’ म्हणून काही विकलं जातं तो पुन्हा दिसत नाही, किंवा नको इतका दिसायला लागतो. तेव्हा टिप देऊ नका. ‘हा घोडा लांब पल्ल्याला चांगला, आज पल्ला लांब आहे’ असं कारण द्या आणि गप्प बसा.

हँडिकॅप हा शब्द तुम्हाला पुनःपुन्हा समजावून सांगावा लागेल. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळे एकाच वेळी रेषेवर पोहोचावेत. ही वजनं ठरवणाऱ्या हँडिकॅपरचं स्वप्न असतं ते सगळ्यांची बरोबरी होण्याचं, आणि ट्रेनरचं स्वप्न असतं ते हँडिकॅपरला चकवण्याचं. एवढं सांगितलं की लोकांना शर्यतीमागचा डाव दिसतो, आणि फेव्हरिट घोडा हरला की ‘फिक्सिंग’ म्हणून ओरडण्याआधी ते वजनाचा आकडा बघतात. बघतीलच असं नाही, पण काहीजण बघतात.

आता गोष्टींबद्दल. सामान्य माणूस आकडे विसरतो, घोडा लक्षात ठेवतो, हे जपानइतकं कुणाला कळलं नसेल. तिथे डिसेंबरअखेरीस होणाऱ्या आरिमा किनेन या शर्यतीत कोणते घोडे धावावेत यासाठी चाहते मतदान करतात. १९५६ पासून ही शर्यत होते आहे. छोट्या प्रादेशिक रेसकोर्सवरून वर आलेला ओगुरी कॅप हा करडा घोडा १९९० मध्ये तिथे शेवटचं धावला आणि जिंकला, तेव्हा नाकायामा रेसकोर्सवर पावणेदोन लाखांहून जास्त लोक होते. त्याच्या कापडी बाहुल्या घरोघरी गेल्या होत्या. हारू उरारा ही घोडी तर ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. ती हरत राहिली तसतशी तिची बातमी होत गेली. २००४ मध्ये जपानचा अव्वल जॉकी युताका ताके तिच्यावर बसला, तेव्हा जपानमधल्याच कोची शहराच्या छोट्या ट्रॅकवर तेरा हजारांच्या आसपास लोक जमले. ती अकरांत दहावी आली. लोक तरीही खूश!

अमेरिकेची झेन्याटा ही घोडी शर्यतीआधी पाय झोकात उचलून नाचल्यासारखी चालायची. निव्वळ ते बघायला लोक कठड्याशी गर्दी करत. ती वीस शर्यती धावली, पहिल्या एकोणीस जिंकली आणि शेवटच्या शर्यतीत, २०१० च्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये, सगळ्यात मागून येत फक्त डोक्याच्या अंतराने हरली. नव्या माणसाला एकच शर्यत दाखवायची असेल तर मी हीच दाखवते. सेक्रेटेरिएटने १९७३ ची बेलमाँट स्टेक्स ३१ लेंथनी (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकली तीही दाखवते, पण नंतर. त्यात चुरस नाही, ती थक्क होण्यासाठी आहे.

मोठ्या दिवसांच्या मोहापासून मात्र सावध राहा. ऑस्ट्रेलियातला मेलबर्न कप १८६१ पासून चालत आलेला, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्नमध्ये चक्क सुट्टी असते. ब्रिटनमधल्या रॉयल ॲस्कॉटच्या शर्यतींना पाच दिवस टोप्या आणि पोशाख मिरवतात. सिडनीत २०१७ मध्ये सुरू झालेल्या एव्हरेस्ट या १२०० मीटरच्या शर्यतीने तरुण गर्दी खेचली. हे सगळं झकास आहे. पण त्या गर्दीतले किती लोक शर्यतींच्या पुढच्या साध्या दिवशी येतात? शर्यतींनंतर गाण्याचा कार्यक्रम ठेवला की तिकिटं खपतात, आणि आलेले लोक पाठ ट्रॅककडे करून उभे असतात. मला हा मार्ग पटत नाही; गाणं ऐकायला आलेला माणूस गायकाचा चाहता होऊन परत जातो. त्यापेक्षा हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीचं गणित मला जास्त शहाणं वाटतं. भर शहरात, उंच इमारतींच्या कुशीत, बुधवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर शर्यती. ज्या वेळी माणूस मोकळा, त्या वेळी खेळ. इंग्लंडमधल्या एप्सम डर्बीला ट्रॅकच्या मधल्या टेकडीवर फुकट बसता येतं, तेही असंच. नव्या माणसाला आत येण्याची पायरी उंच नको.

घोड्याचा लहानसा वाटा विकत घेण्याच्या योजनांवरही लक्ष ठेवा. २०२० ची केंटकी डर्बी जिंकणाऱ्या ऑथेंटिकमध्ये पाच हजारांहून जास्त सामान्य लोकांचे छोटे वाटे होते. यातून पैसे मिळतील असं सांगून वाटे विकणाऱ्यांच्या जाहिरातीत मात्र आवाज देऊ नका. बहुतेक घोडे स्वतःचा खुराकही कमावत नाहीत.

आणि एक प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच, बहुधा एखादी शाळकरी मुलगी विचारेल: चाबकाने घोड्याला लागतं का? सभ्यपणे विषय बदलायला शिकवणारे लोक या धंद्यात भेटतील. त्यांचं ऐकू नका. ब्रिटनमध्ये चाबूक गादीसारखा मऊ असतो, २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे, ती चार किंवा जास्त फटक्यांनी ओलांडली तर घोडाच बाद होतो. घोडे जखमी होतात का? होतात, मरतातही. अमेरिकेतल्या जॉकी क्लबच्या नोंदींप्रमाणे २००९ मध्ये घोडा शर्यतीत उतरल्याच्या दर हजार वेळांमागे जीवघेण्या दुखापतींचं प्रमाण २.०० होतं, २०२२ मध्ये ते १.२५ वर आलं. कमी झालं, संपलं नाही. हे आकडे तोंडपाठ ठेवा आणि विचारलं की सरळ सांगा. ज्याला खरं उत्तर मिळालं तो नाराज झाला तरी तुमचं पुढचं वाक्य ऐकतो.

कामाला लागण्याआधी शक्य तितक्या पहाटे तबेल्यात घालवा. कागदावर ज्या गोष्टी मिळत नाहीत त्या सईस सांगतो: कोणता घोडा खाणं अर्धवट टाकतो, कोणता शेजारच्या बोकडाशिवाय उभाच राहत नाही, कुणाला टोपी घातलेला माणूस खपत नाही. परवानगी घेऊन यातलं एखादं माइकवरून सांगितलं की पॅडॉकच्या कठड्याशी उभे असलेले लोक तोच घोडा शोधू लागतात. सईसाला त्याचं श्रेय द्या, त्याच्या नावानिशी. सहसा ते कुणी देत नाही.

नोकरी मागायला जाताना पदवीपेक्षा दोन रेकॉर्डिंग जास्त उपयोगी पडतात. एखाद्या जुन्या शर्यतीचा आवाज बंद करून तुम्ही केलेलं समालोचन हे एक. दुसरं, त्याच शर्यतीआधीच्या अर्ध्या तासातली तीन मिनिटं, ज्यात शर्यतींतलं काही न कळणाऱ्या माणसाशी तुम्ही बोलताय. मी उमेदवारांचं दुसरं आधी ऐकते. त्यानंतर विचारते, कप नाही, सुट्टी नाही, सहा मामुली हँडिकॅप शर्यती आहेत, अशा मंगळवारी तुमच्या मावशीने रेसकोर्सवर का यावं? तयारी करून येणारे इथे सोयीसुविधा मोजायला लागतात. आमच्याकडे सध्या काम करणारी मुलगी म्हणाली होती, ‘चौथ्या शर्यतीत एक दहा वर्षांचा घोडा आहे, हा त्याचा शेवटचा हंगाम असेल. मावशीला मी तोच दाखवीन.’ तिने येण्याआधी रेसकार्ड, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींची आणि घोड्यांची यादी, वाचलं होतं.