टूलचं वर्णन लिहिण्याआधी: बाजारभावाच्या एजंटसाठी तयारीची यादी

एजंटला (म्हणजे भाषा-मॉडेलच्या आधारे स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला) नवं टूल, म्हणजे त्याला गरजेनुसार वापरता येणारं फंक्शन, जोडायचं ठरलं की आधी कोड लिहिला जातो आणि वर्णनाच्या रकान्यात शेवटी घाईघाईने एक ओळ टाकली जाते. हा क्रम उलटा करा. मॉडेलला कोड दिसतच नाही. त्याच्यापुढे टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा (टूलला पुरवायच्या माहितीचा) जेसन स्कीमा, म्हणजे कुठे काय भरायचं याचा साचा, एवढंच येतं. जून २०२३मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल वापरण्याची सोय) आणलं तेव्हा हेच होतं, नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला टूलं जोडण्याची सामाईक पद्धत) जाहीर केला तेव्हाही हेच.

बाजार समित्यांचे भाव सांगणारा एजंट डोळ्यांसमोर ठेवू. इथे चुकीचं उत्तर ऐकून कुणीतरी ट्रॅक्टर भरून भलत्याच बाजाराला निघतो, म्हणून हे काम मनावर घेऊन करायचं. पहिलं काम प्रश्न गोळा करण्याचं, तेही लोक विचारतात त्याच शब्दांत: ‘लासलगावला आज कांदा काय चाललाय?’, ‘पिंपळगावला न्यावा का लासलगावला?’, ‘पुढच्या आठवड्यात भाव वाढेल का?’ प्रत्येक प्रश्नापुढे कोणतं टूल लागेल ते लिहा. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही, असा प्रश्न खोडू नका. तिसरा प्रश्न तसाच आहे, आणि वर्णनात त्याचा स्पष्ट उल्लेख लागणार आहे.

नावाला फार वेळ नको, पण ‘डेटा आणा’ असलं नाव कुणाच्याच कामाचं नाही. ‘दैनिक बाजारभाव शोधा’ म्हटलं की निम्मं काम होतं. मग वर्णन. माझ्या मते ते साधारण असं असावं: ‘एका बाजार समितीतील एका शेतमालाची एका दिवसाची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर देते. दर रुपये प्रति क्विंटल. झालेल्या व्यवहारांचेच दर मिळतात, पुढचा अंदाज मिळत नाही. समितीचा कोड माहीत नसेल तर आधी “बाजार समिती शोधा” वापरा. अनेक दिवसांचा कल हवा असेल तर “भावाचा इतिहास” वापरा.’

यातलं एकही वाक्य गाळू नये. परिमाण लिहिलं नाही तर १,८०० हा आकडा कशाचा, हे मॉडेल स्वतःच ठरवतं. क्विंटलला १,८०० म्हणजे किलोला १८ रुपये, हा हिशेब मग नशिबावर राहतो. सर्वसाधारण दर म्हणजे बहुतांश माल ज्या दराने गेला तो. किमान आणि कमाल यांची सरासरी नव्हे. तेही टूल काय परत देतं त्याच्या वर्णनात लिहा, कारण सरासरी काढण्याचा मोह मॉडेललाही होतो. आणि ‘हे टूल कधी वापरू नये’ हा भाग सगळ्यात जास्त वगळला जातो, तरी शेजारी-शेजारी दोन सारखी टूलं असली की निवड त्यावरच ठरते.

पॅरामीटरकडे वळताना समित्यांची यादी उघडून बसा. लासलगाव एक नाही: ‘लासलगाव’, ‘लासलगाव – निफाड’, ‘लासलगाव – विंचूर’ अशा वेगळ्या नोंदी असतात. पुण्याच्या नावाखालीही पिंपरी, मोशी, खडकी निघतात. नाव मोकळ्या मजकुरात घेतलंत तर गोंधळ ठरलेला. शेकडो नावं स्कीमात कोंबलीत तर प्रत्येक संभाषणात तेवढे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) खर्ची पडतात. म्हणून नावावरून कोड देणारं वेगळं टूल हवं. कांद्याची जात मात्र ठरावीक पर्यायांतून घ्या, लाल आणि उन्हाळी एकत्र आले तर भावाला अर्थ उरत नाही. तारखेचा नमुना लिहून द्या, २०२५-०४-०३ असा, कारण ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. ‘आज’ भारतीय वेळेनुसार धरा हेही लिहा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो, आणि माल घेऊन निघणारा माणूस नेमका त्याच वेळी विचारतो.

रिकामं उत्तर आणि बिघाड यांची फारकत आधीच ठरवा. लिलाव बंद असेल तर ‘या दिवशी नोंद नाही, शेवटची नोंद अमुक तारखेची’ असं परत जावं; स्रोतच बंद असेल तर तसं सांगावं. दोन्हीकडे नुसती रिकामी यादी दिलीत तर ‘आज आवकच नाही’ असं ठाम उत्तर शेतकऱ्याला मिळेल.

भावाचा एसएमएस पाठवणारं टूल असेल तर मेसेज खरोखर जातो, परत घेता येत नाही आणि आधी माणसाचा होकार लागतो, हे वर्णनात घाला. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये ‘फक्त वाचणारं’ किंवा ‘विध्वंसक’ अशा खुणा लावता येतात, त्या लावाच. पण त्या केवळ सूचना असतात, खरी अडवणूक कोडमध्येच करावी लागते.

मग गोळा केलेले प्रश्न चालवून बघा: मराठीत, रोमन लिपीत, चुकीच्या स्पेलिंगसकट. अंतिम उत्तराआधी कोणतं टूल निवडलं आणि त्यात काय भरलं ते तपासा. चुकलं तर एका वेळी एकच वाक्य बदला आणि सगळे प्रश्न पुन्हा चालवा. वर्णन कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड आणि त्याचे बदल जिथे जपले जातात तिथे) ठेवा, म्हणजे समित्यांचे कोड किंवा परिमाण बदललं की त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) वर्णनही बदलेल.