ठाण्याच्या दमट हवेत कॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातला ओलावा कसा सांभाळावा

कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळायचा म्हणजे दिवसभर फवारे मारायचे, असा बहुतेकांचा समज असतो. ठाणे-नवी मुंबईत अडचण उलटी आहे. ओलावा खाडीवरून आपसूक येतो. दोन फवाऱ्यांच्या मधल्या वेळात पिंजरा नीट वाळवणं हेच इथलं खरं काम.

पिंजरा चारही बाजूंनी जाळीचाच घ्या. माशांच्या टाकीत हवा कोंडते, बुरशी धरते आणि प्राण्याची छाती भरते. आत खरी झाडं लावा: मनीप्लांट, जास्वंद. घोडबंदर रोडच्या नर्सरीतून आणलेलं झाड आधी पानं पुसून, धुऊन घ्या, कारण त्यावर औषध मारलेलं असू शकतं.

मग डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र. तो आधी तपासा, ही पायरी कृपा करून गाळू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात मोजके थेंब पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात आठेक तास ठेवा. आकडा 75 टक्के यायला हवा. 70 दिसला तर पुढे प्रत्येक वेळी 5 मिळवून वाचा. पिंजऱ्यात तो मधल्या उंचीवर, दिव्यापासून आणि फवाऱ्यापासून लांब टांगा.

येमेन-सौदीकडच्या व्हेल्ड कॅमेलिऑनला दिवसा साधारण 40-50 टक्के आर्द्रता पुरते, मादागास्करच्या पँथर कॅमेलिऑनला 50-70. रात्री दोघांनाही जास्त चालतं.

सकाळी दिवा लावण्यापूर्वी दोन मिनिटं बारीक फवारा द्या, तसाच रात्री दिवे बंद झाल्यावर. दुपारपर्यंत पानं कोरडी झालीच पाहिजेत. कॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. म्हणून दुपारी थोडा वेळ ड्रिपर (पानांवर थेंबथेंब पाणी सोडणारी नळी) सोडा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी नोझल तुंबवतं, तिथे आरओचं वापरा.

रात्री फॉगर (धुकं सोडणारं यंत्र) लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो थंड रात्रींसाठी आहे. तापमान 20 अंशांच्या आसपास उतरत नसेल तर फॉगर बंदच ठेवा. आपल्याकडे तशा रात्री डिसेंबर-जानेवारीतच मिळतात. उकाडा आणि धुकं एकत्र आलं की श्वसनाचा संसर्ग जडतो.

जुलैत घरातली आर्द्रताही 85 च्या वर जाते. तेव्हा फवारा पिण्यापुरता ठेवा, ट्रेमधलं पाणी रोज काढा आणि पंखा पिंजऱ्यावर न रोखता भिंतीकडे वळवून हवा खेळती ठेवा. याउलट फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीवरून कोरडं वारं सुटलं, किंवा खोलीत एसी चालू असला, की फवारा वाढवा आणि जाळीच्या दोन बाजूंना प्लास्टिक लावा.

हायग्रोमीटरइतकंच प्राण्याकडेही बघा. डोळे खोल गेले किंवा विष्ठेतला पांढरा भाग गडद नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय. मान वर करून, तोंड उघडून श्वास घेत असेल, तोंडाशी फेस दिसत असेल, तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.

आणि हे सगळं सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेल्या परदेशी कॅमेलिऑनसाठी. आपल्या रानातला देशी कॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पाळणं गुन्हा आहे.