संगणक-सुरक्षेबाबत तज्ज्ञांत मतभेद असतील तेव्हा निर्णय कसा घ्यावा

कोथरूडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेपुढे गेल्या वर्षी दोन ठराव आले. पहिला, फाटकावरची नोंदवही बंद करून पाहुण्यांची नोंद करणारे अ‍ॅप घ्यावे. दुसरा, घरकामाला येणाऱ्या मावशी, चालक आणि दूधवाले यांच्याकडून आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन त्या संस्थेच्या कार्यालयात ठेवाव्यात. हिंजवडीतील एका कंपनीच्या सुरक्षा विभागात काम करणारे एक सभासद म्हणाले की असा कागदांचा गठ्ठा साठवणे म्हणजे चोराची सोय करून ठेवणे आहे. बँकेच्या दक्षता विभागातून निवृत्त झालेले दुसरे सभासद म्हणाले की ओळख न पटवता माणसे आत सोडणे हाच खरा धोका आहे. दोघेही अनुभवी होते, दोघांचेही बोलणे पटत होते, आणि उरलेले आम्ही सगळे जो शेवटी बोलला त्याच्या बाजूने माना डोलावत होतो. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. मधल्या काळात असे वाद स्वतः कसे तपासावेत याची एक पद्धत मी जुळवली, ती पुढे क्रमाने देत आहे. त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही, थोडा वेळ मात्र लागतो.

पायरी १ : मूळ विधान शोधा आणि ते अजून कायम आहे का ते पाहा

आपल्यापर्यंत तज्ज्ञाचे मत क्वचितच थेट पोहोचते. बहुतेक वेळा ते तीन-चार जणांच्या हातून, कापून-छाटून, व्हॉट्सअ‍ॅपवर येते. म्हणून सर्वप्रथम ते कोणी, कधी आणि नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितले हे शोधावे. आमच्या सभेत ज्या ‘सरकारी इशाऱ्या’चा हवाला दिला गेला, त्याची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या बंगळुरू येथील प्रादेशिक कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी एक पत्रक काढून नागरिकांना सांगितले की आधारची छायाप्रत कोणत्याही संस्थेला देऊ नये, तिचा गैरवापर होऊ शकतो, त्याऐवजी केवळ शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ वापरावे. देशभर खळबळ उडाली, आणि २९ मे रोजी, पत्रकाचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता आहे असे कारण देऊन, केंद्र सरकारने ते मागे घेतले.

आता यातून कोणी काय घेतले पाहा. एक गट अजूनही पहिले पत्रक पाठवतो, दुसरा गट ‘तो इशारा खोटा होता’ असे सांगतो. पत्रक मागे घेतले गेले, परंतु मास्क्ड आधारची सोय तेव्हाही होती आणि आजही आहे. ती वापरण्यात काहीही गैर नाही. आदेश मागे घेतला जाणे आणि त्यामागचा विचार चुकीचा ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मूळ कागद वाचल्याशिवाय हा फरक लक्षात येत नाही.

सार्वजनिक ठिकाणच्या चार्जिंगबद्दलचा इशाराही असाच. रेल्वे स्थानकावर किंवा विमानतळावर यूएसबी केबलने फोन लावल्यास त्यातील माहिती चोरली जाते, असा संदेश दर सुट्टीच्या हंगामात फिरतो. त्याला आधार आहे: २०११ मध्ये लास व्हेगासच्या डेफ कॉन या हॅकर्सच्या परिषदेत संशोधकांनी अशा चार्जिंग केंद्राचे प्रात्यक्षिक ठेवले होते, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या जनजागृती पुस्तिकेत या प्रकाराचा उल्लेख आहे, आणि एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेतील एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने तसा इशारा दिला होता. मात्र अनेक सुरक्षा-संशोधकांनी त्यावर विचारलेला साधा प्रश्न असा की, प्रत्यक्षात लुबाडला गेलेला माणूस कुठे आहे? आजचे फोन केबल जोडल्यावर माहिती देण्यापूर्वी सहसा मालकाची परवानगी विचारतात. तेव्हा ‘करून दाखवता येते’ आणि ‘लोकांच्या बाबतीत घडत आहे’ या दोन वाक्यांपैकी तज्ज्ञ कोणते वाक्य बोलत आहे, हे याच पायरीवर टिपून ठेवावे. स्वतःचा चार्जर बरोबर नेला की हा विषय संपतो. त्यावर कुटुंबात भांडण करण्याचे कारण नाही.

पायरी २ : धोका कोणाला आणि कोणापासून, हे एका ओळीत लिहा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच बहुतेक चर्चांमध्ये गाळली जाते. कागद घ्यावा आणि चार गोष्टी लिहाव्यात: काय जपायचे आहे, कोणापासून, ते गेले तर किती नुकसान होईल, आणि जपण्यासाठी किती त्रास सोसण्याची तयारी आहे. सभेतील दोन सभासदांचे मी नंतर असे लिहून पाहिले, तेव्हा कळले की त्यांचे भांडण एकमेकांशी नव्हतेच. बँकेतले गृहस्थ सदनिकांमधील ऐवज अनोळखी माणसापासून जपत होते. हिंजवडीचे गृहस्थ कामकरी माणसांची कागदपत्रे, कार्यालयाच्या कपाटाला हात घालू शकणाऱ्या कोणापासूनही, जपत होते. एकाला चोर दिसत होता तो फाटकाबाहेर, दुसऱ्याला फाटकाच्या आत.

ओळ लिहिली की कोणता सल्ला गैरलागू आहे हेही स्पष्ट होते. पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला आणि ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्यांतील मोठा भाग २८ देशांतील एटीएममधून गेला. त्या आठवड्यात शहरात जो तो एकमेकांना पिन बदलायला सांगत होता. वस्तुतः बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या मालवेअरमुळे (घातक सॉफ्टवेअरमुळे) पैसे काढण्याच्या विनंत्यांना खऱ्या तपासणीशिवाय परस्पर मंजुरी मिळत होती. ग्राहकांनी रोज पिन बदलला असता तरी त्यात फरक पडला नसता. तेथील धोका बँकेला होता आणि उपायही बँकेच्याच हातात होता.

उलट उदाहरण एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचे. दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिम कार्ड फसवणुकीने काढून घेता येत असल्यामुळे ही पद्धत कमकुवत आहे, असे अनेक तज्ज्ञ सांगतात आणि ते खरे आहे. परंतु सदाशिव पेठेत एकट्या राहणाऱ्या माझ्या आत्याला फोन करणारा भामटा सिमची उठाठेव करत नाही. तो सरळ तिलाच ओटीपी विचारतो. तिच्यासाठी ‘फोनवर कोणी मागितला तर आकडा सांगायचा नाही, फोन ठेवायचा आणि मला कळवायचे’ हे एक वाक्य, कोणत्याही नव्या अ‍ॅपपेक्षा अधिक उपयोगी आहे.

पायरी ३ : वादाचे तीन तुकडे करा

खासगीपणाच्या सार्वजनिक वादांत तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एखादी गोष्ट तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का? ती केली तर आणखी काय काय घडेल? आणि ती करावी का?

व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश प्रथम कोणी पाठवला हे शोधता यावे का, या वादावर हे तुकडे पाडून पाहावेत. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढील प्रकरणात आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांनी सुचवले की प्रत्येक संदेशाबरोबर मूळ प्रेषकाची ओळख जोडता येईल. ती सर्वांना दिसेल अशी ठेवता येईल किंवा कुलूपबंद ठेवून न्यायालयाच्या आदेशाने उघडता येईल. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी त्याला लेखी उत्तर दिले, त्याचा रोख असा की अशी खूण बनावट करता येते, त्यामुळे निरपराध माणूस अडकू शकतो, आणि ज्याला खरोखर लपायचे आहे तो दुसरी वाट शोधतो. पुढे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या संदेश-सेवांवर मूळ प्रेषक शोधून देण्याची जबाबदारी टाकण्यात आली आणि व्हॉट्सअ‍ॅपने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

दोघेही संगणकशास्त्राचे प्राध्यापक, दोघेही आयआयटीचे. ‘तज्ज्ञ कोण’ एवढेच विचारून येथे निकाल लागत नाही. नीट पाहिले तर खूण जोडणे शक्य आहे यावर फारसा वाद नाही. वाद दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे ती टिकेल का आणि तिचा भार कोणावर पडेल यावर आहे, आणि तेथे सांकेतिक लिपीच्या अभ्यासकाचे मत पोलीस अधिकाऱ्याच्या मतापेक्षा अधिक वजनाचे मानावे. अफवेमुळे होणारा हिंसाचार आणि कोट्यवधी लोकांचे खासगी बोलणे यांत कशाला किती महत्त्व द्यावे, हा तिसरा प्रश्न मात्र कोणत्याही प्राध्यापकाच्या मालकीचा नाही. त्यावर माझ्या आत्याचे मत आणि कामकोटींचे मत सारख्याच मोलाचे आहे. माझा अनुभव असा की चर्चेत बोलणारे लोक दुसऱ्या प्रश्नावरचा अधिकार वापरून तिसऱ्याचे उत्तर देऊन टाकतात, आणि ऐकणाऱ्याला ते लक्षात येत नाही.

पायरी ४ : सल्ल्याचे वय तपासा

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह असलेच पाहिजे, हा नियम पुण्यातील असंख्य कार्यालयांत आजही पाळला जातो. त्याचे एक प्रमुख उगमस्थान म्हणजे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेची २००३ ची मार्गदर्शिका. त्या संस्थेने जून २०१७ मध्ये आपला सल्ला बदलला: पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नये, आणि चिन्हांची सक्ती करण्याऐवजी लांबीवर भर द्यावा. मूळ मजकुराचे लेखक बिल बर यांनी त्याच वर्षी वर्तमानपत्राशी बोलताना आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. कारण कोणत्याही कार्यालयात दिसेल असे आहे: सक्ती केली की माणूस ‘Pune’ या शब्दापुढचा अंक दर तिमाहीला एकाने वाढवतो. नियम लिहिणाऱ्याने मत बदलले, तपासनीसाच्या यादीतला रकाना मात्र तसाच राहिला.

पायरी ५ : जेथे वाद नाही ते आधी करून टाका

गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तज्ज्ञ आणि सामान्य वापरकर्ते या दोघांनाही विचारले होते की सुरक्षित राहण्यासाठी ते स्वतः प्रामुख्याने काय करतात. अद्ययावत आवृत्त्या बसवणे हे ३५ टक्के तज्ज्ञांनी सांगितले, सामान्यांपैकी केवळ २ टक्क्यांनी. अँटिव्हायरसचे नाव ४२ टक्के सामान्यांनी घेतले, तज्ज्ञांपैकी ७ टक्क्यांनी. अँटिव्हायरसचा मोठा उद्योग ज्या पुण्यात वाढला तेथे हा आकडा जरा जपूनच सांगावा लागतो. पण त्याचा अर्थ अँटिव्हायरस निरुपयोगी आहे असा नाही. विंडोजमध्ये ते आता मुळातच असते, आणि अद्ययावत करण्याचे काम मात्र आपण ‘नंतर आठवण करा’ म्हणून पुढे ढकलत राहतो. म्हणून आज संध्याकाळी फोन आणि संगणक अद्ययावत करावेत, ईमेल आणि बँक यांचे पासवर्ड एकमेकांपासून वेगळे ठेवावेत व ते पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड जपून ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) साठवावेत, ईमेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डाखेरीज आणखी एक खूण मागणारी) लावावी आणि छायाचित्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या सायबर-फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

पायरी ६ : मग चर्चेत उतरा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. सरकारला त्यात हस्तक्षेप करायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, असे निकष त्यातून पुढे आले. ते सरकारसाठी आहेत, पण फाटकावरही त्यांचा उपयोग होतो: कोणत्या ठरावाने घेता, कशासाठी घेता, आणि याहून कमी घेऊन भागणार नाही का? डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात एक तरतूद आपल्या कामाची आहे: संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला होता. महापालिकेच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना देणाऱ्या पुणेकरांना अशा मसुद्यांवर दोन पाने लिहिणे अवघड जाऊ नये.

आमच्या दुसऱ्या सभेपूर्वी मी आमच्याकडे येणाऱ्या मावशींना विचारले. त्यांनी बोटांवर मोजून सांगितले की आजवर अकरा ठिकाणी आधारची झेरॉक्स दिली आहे आणि एकाही ठिकाणाहून ती परत मिळालेली नाही. पहिल्या सभेत त्यांच्या कागदांबद्दल तासभर चर्चा झाली होती आणि त्यांच्यापैकी एकही जण तेथे नव्हते. दुसऱ्या सभेत असे ठरले की कार्डावरचा क्यूआर कोड समोर तपासून कार्ड तेथेच परत द्यावे, झेरॉक्स घेऊ नये, नाव आणि फोन क्रमांक एवढेच नोंदवावे. अ‍ॅप घ्यायचे असेल तर पाहुण्यांच्या नोंदी तीस दिवसांनी पुसल्या जातील असे कंपनीकडून लेखी घ्यावे. बँकेतल्या गृहस्थांनी विरोधी मत इतिवृत्तात नोंदवायला लावले. सीसीटीव्हीचे चित्रीकरण कोणी पाहायचे हा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला.